भाऊजींना बसवलेला जॅक

कप्तानबाईंच्या होडीच्या मागच्या फळीवर जे जुनं इंजिन लटकत होतं, त्याला सगळा धक्का 'भाऊजी' म्हणत असे. नाव बाईंनीच दिलेलं. लग्न होऊन त्या या घरात आल्या त्याच वर्षी नवऱ्याने हे इंजिन आणलं, अंगणात पोत्यावर ठेवलं आणि म्हणाला, हा माझा धाकटा भाऊ समज. सख्खा भाऊ त्याला नव्हता. त्या दिवसापासून बाई इंजिनाला भाऊजी म्हणू लागल्या, आणि नाव चपखल बसलं. भाऊजी खायला सगळ्यांच्या आधी, कामाला मात्र मर्जी असेल तेव्हा. थंडीच्या सकाळी त्यांना दहा हाका माराव्या लागत. पण एकदा उठले की कुरकुरत का होईना, दिवसभर ओढत राहत. पुढे नवरा गेला, भाऊजी राहिले. बाईंनी होडी हातात घेतली ती कायमची, आणि लोकांनी त्यांना कप्तान करून टाकलं.

खाडी फार रुंद नव्हती, पण पूल वरच्या अंगाला लांब होता. तिकडून फिरून जायचं तर अर्धी सकाळ रस्त्यातच जायची. म्हणून अलीकडची माणसं पलीकडे आणि पलीकडची अलीकडे न्यायला होडी लागे. दवाखान्यातल्या नर्सा, शाळेतल्या बाई, भाजीच्या करंड्या, कधी सायकल, कधी शिलाई मशीन. अडचण एकच होती. खाडीच्या मध्यावर वाळूचा एक लांबलचक उंचवटा होता. त्याला सगळे 'उंबरठा' म्हणत. भरतीला उंबरठा बुडलेला असे, होडी वरून खुशाल निघून जाई. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी उरे. मग इंजिन बंद करायचं, मागे वळून दोन्ही हातांनी भाऊजींना काखेत धरायचं, जोर लावून आडवं करायचं, खटका पडला की वेळू घेऊन होडी ढकलत उंबरठा ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा भाऊजींना पाण्यात सोडायचं. भाऊजी धडधाकट गडी, वजनाला एका माणसाहून कमी नव्हते. बाईंनी हे वर्षानुवर्षं केलं. म्हशीला आपली शिंगं जड होत नाहीत, तसं त्यांना ते वजन कधी वजन वाटलंच नाही.

मग एके दिवशी उजवा खांदा गेला. भाऊजी अर्ध्यावर आले होते, खटका पडायचाच होता, तेवढ्यात खांद्यात कापड फाटल्यासारखं काहीतरी झालं आणि इंजिन धाडकन खाली आलं. पंखा वाळूत रुतला. होडीतली सगळी माणसं भरतीची वाट पाहत उन्हात बसून राहिली. शाळेतल्या बाईंनी तेवढ्यात वह्या तपासून घेतल्या. कोणी काही बोललं नाही, पण कप्तानबाईंना ते न बोलणंच जास्त लागलं.

डॉक्टरांनी सांगितलं की खांद्याचा स्नायू फाटला आहे, भरून येईल, पण वजन उचलायचं आता विसरा. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. बाईंची मुंगी तर वाटेत थांबून थांबून चालली होती. भरतीच्या वेळेपुरती होडी चालवायची आणि ओहोटीला धक्क्यावर बसून राहायचं, असं सुरू झालं. दोरी ओढून इंजिन सुरू करायची सवय त्यांनी डाव्या हाताला लावली. पण डाव्या हाताला एकट्याने भाऊजी उचलवेनात.

लेक गावातच होती, औषधांच्या दुकानात कामाला. तिने सरळ सांगितलं, आता पुरे. होडी विकून टाक, आमच्याकडे येऊन राहा. नवं इंजिन घ्यावं म्हटलं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. आजकालची बटणावर उठणारी इंजिनं भाऊजींच्या दीडपट जड, होडीची मागची फळी तेवढं पेलणार नाही. म्हणजे इंजिन नवं, तर होडीही नवी. त्यापेक्षा थांबलेलं बरं, असं लेकीचं म्हणणं. बाईंनी ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही. लेकीला आईचं हे उत्तर न देणं लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा अर्थ 'नाही' असाच असे.

जावई त्या रविवारी सासूचा खांदा बघायला म्हणून आला. हा टिपर आणि डंपरचे जॅक दुरुस्त करणारा माणूस. तेलाच्या दाबावर जे जे उचललं जातं त्या सगळ्याशी त्याची सोयरीक. माणूस शांत, हाताचा पक्का, आणि पाण्याला मात्र मनापासून भिणारा. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो सासूच्या होडीत एकदाच बसला होता, आणि तेव्हाही डोळे मिटून. खांद्याची विचारपूस झाली, चहा झाला, मग तो धक्क्यावर गेला आणि पाण्यापासून चार हात लांब उभा राहून भाऊजींकडे बराच वेळ बघत राहिला. परत येऊन म्हणाला,

"आई, माझा डंपर दहा टन खडी उचलतो. तुमचे भाऊजी किती भरतील?"

बाईंच्या लक्षात आलं की जावई गंमत करत नाहीये. त्याने समजावून सांगितलं. इंजिनाला होडीशी धरून ठेवणारे जे दोन पंजे आहेत, त्यांच्या मधल्या जागेत एक छोटा जॅक बसवायचा. त्याचं खालचं टोक पंज्यांना, वरचं टोक इंजिनाच्या मानेला. होडीत एक पंप, एक बॅटरी, आणि हँडलवर एक बटण. वरचं दाबलं की भाऊजी वर, खालचं दाबलं की खाली. नव्या इंजिनांत हेच असतं, फक्त ते कारखान्यात बसवतात, आपण अंगणात बसवू.

"जावयाला कामाला लावलं म्हणून लोक मला नावं ठेवतील," बाई म्हणाल्या.

"ठेवू देत. काम मला आवडलंय."

घरी गेल्यावर लेक नवऱ्यावर चिडली. आई कशीबशी थांबायच्या बेतात होती आणि हा तिला नवा खेळ आणून देत होता. तू माझ्या बाजूने आहेस की आईच्या, असं तिने विचारलं. तो म्हणाला, मी भाऊजींच्या बाजूने आहे. त्या रात्री त्याला आमटी जरा खारटच मिळाली, पण पुढच्या रविवारी तो हत्यारांची पेटी घेऊन सासूच्या अंगणात हजर होता.

भाऊजींना होडीवरून उतरवून लाकडी घोडीवर टांगलं. जावयाने आधी सगळं धुऊन काढलं. रंगाचे इतके थर निघाले की बाईंना त्यात आपलं सगळं आयुष्य दिसलं: वरचा निळा, त्याखाली नवऱ्याचा आवडता हिरवा, त्याखाली आणखी एक निळा, आणि सगळ्यात तळाला कारखान्याचा मूळचा राखाडी. पंज्यांच्या मधली जागा मोजली. ज्या भोकांत पूर्वी इंजिनाचा कल ठरवणारी सळई घालत, त्याच भोकांतून जॅकचा खालचा बोल्ट जाणार होता. वरच्या टोकासाठी मानेवर एक जाड पट्टी लागणार होती. पट्टी वेल्डिंग करून का नाही लावत, असं बाईंनी विचारलं. जावई म्हणाला, जुन्या ओतीव अॅल्युमिनियमला आग दाखवली की ते वरून हसतं आणि आतून तडकतं. बोल्टच बरे. चार बोल्ट, ताण चौघांत वाटला जाईल.

जॅक त्याने आपल्या दुकानातूनच आणला होता. ट्रकची केबिन पुढे कलती करायला जो लहान जॅक असतो, तो. बसवून बघितला, लांबी जुळली. पंपाला तात्पुरती बॅटरी जोडून बटण दाबलं, आणि इतकी वर्षं जे दोन हातांनी, दातओठ खाऊन व्हायचं, ते अंगणात सगळ्यांसमोर हलकेच झालं. भाऊजी झोपेतून उठल्यासारखे वर आले आणि वरच थांबले. शेजारच्या बायका कुंपणापाशी उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. जावयाने हात पुसले. त्याच्या मते काम झालं होतं.

कप्तानबाई मात्र इंजिनाजवळ गेल्या. खालच्या टोकाला, पंख्याच्या वर, त्यांनी तळहात टेकवला आणि मागे ढकललं. इंजिन हललं नाही. आणखी जोर लावला. भिंत ढकलावी तसं.

"जावईबापू, पाण्यात ओंडका लागला तर हे काय करतील?"

जावयाला प्रश्न समजला नाही. बाईंनी सांगितलं. पावसानंतर वरून ओंडके वाहून येतात, पाण्याखाली अर्धे बुडालेले, दिसत नाहीत. इंजिन ओंडक्यावर आपटलं की आजवर भाऊजी आपसूक मागे उडायचे, लाथ मारल्यासारखे, आणि ओंडका गेला की परत खाली यायचे. दरवर्षी एकदोनदा तरी असं होतंच. आता हे असे ताठ उभे राहिले, तर मोडणार काय? एक तर भाऊजींचा पाय, नाही तर होडीची मागची फळी. फळी गेली तर होडी बुडायला किती वेळ लागणार?

डंपरच्या जॅकचं कामच मुळी असं, की काही झालं तरी सोडायचं नाही. दहा टन खडी अर्ध्यात सुटली तर माणूस मरतो. आयुष्यभर त्याने न सोडणारे जॅक दुरुस्त केले होते, आणि इथे सासू त्याच्याकडे धरूनही ठेवणारा आणि वेळ आली की सोडणाराही जॅक मागत होती. तो घोडीशेजारी उकिडवा बसला, भाऊजींकडे बघत राहिला, आणि मग स्वतःशीच हसला. म्हणाला, बरं झालं आई, तुम्ही आत्ताच विचारलंत. आणि लगेच चारही बोल्ट सोडायला घेतले. बाईंना जावई आवडायचा तो याचसाठी. चूक कळली की तिच्याशी वाद घालत बसत नसे.

पुढचे काही दिवस तो जुन्या बोटींच्या भंगारवाल्याकडे खेपा घालत होता. शेवटी एका फुटलेल्या नव्या इंजिनाखालचा जॅक त्याला मिळाला. इंजिन वरून जळालेलं, पण खालचा भाग शाबूत. हा जॅक खास पाण्यातल्या कामाचा होता. गंज न धरणारा, आणि त्याच्या दट्ट्यातच एक लहानसा व्हॉल्व्ह होता. एका हद्दीपर्यंत तो घट्ट धरून ठेवी, आणि हद्दीबाहेरचा धक्का बसला की तेलाला वाट करून देई. जावयाने तो खोलून, पुसून, नव्या रबरी वायसर घालून बसवला. जागेपेक्षा तो बोटभर अरुंद होता, तेव्हा लांब बोल्ट आणि मधली फट भरणारी बुशिंग लेथवर नव्याने करून आणावी लागली. रिव्हर्समध्ये इंजिन वर उडू नये म्हणून भाऊजींना पूर्वी एक आकडा होता, तो त्याने काढून टाकला. आकडा अडकलेला असताना जॅकने ओढलं असतं, तर दोघांच्या भांडणात पंजाच तुटला असता. एका घरात दोन कारभारी नकोत, असं बाई म्हणाल्या, आणि आकडा भंगारात गेला.

तेल भरलं, बटण दाबलं. भाऊजी उठले, पण अडखळत, मध्येच थांबत, आणि पंपातून गुरगुर येत होती. जावई बटणाची तार तपासायला निघाला. बाईंनी डोळे मिटून आवाज ऐकला.

"तार राहू द्या. पोटात वारा धरलाय."

खरंच तेलात हवा अडकली होती. मग दोघांनी मिळून तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन थोपटावं तसं भाऊजींना वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली केलं. प्रत्येक वेळी तेलाच्या टाकीत बुडबुडे यायचे आणि जावई थोडं तेल घालायचा. हळूहळू गुरगुर गेली आणि एकसारखा, बारीक, समाधानाचा आवाज येऊ लागला. बाई म्हणाल्या, आता झोपेल.

ओहोटीच्या वेळेला पहिली फेरी मारायचं ठरलं. होडीत माणसं घ्यायची नव्हती. फक्त बाई आणि जावई. लेक धक्क्यावर हाताची घडी घालून उभी होती. जावई होडीत चढला तो जीव मुठीत धरून, आणि मधल्या फळीवर असा बसला की जणू होडी त्यानेच धरून ठेवलीय. बाईंनी डाव्या हाताने दोरी ओढली. भाऊजी तिसऱ्या हाकेला उठले.

धक्का सोडल्यावर थोड्याच वेळात एक गोष्ट कळली. होडी नाक वर करून चालत होती. बॅटरी आणि पंप मागे ठेवलेले, बाई मागे, भाऊजी मागे, म्हणजे सगळं बूड जड आणि तोंड हलकं. बाईंनी अंगठ्याने खालचं बटण दाबून धरलं. भाऊजींचा पाय होडीच्या पोटाखाली थोडा आत आला, आणि होडीचं नाक हळूच खाली बसलं. बाईंनी वरचं बटण दाबलं. नाक उचललं, होडी हलकी झाली, पाण्यावरून सरकायला लागली. आणखी वर. पंखा हवा खाऊन फुरफुरला. थोडं खाली. फुरफुर थांबली.

आता बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं त्या हेच काम माणसं हलवून करत आल्या होत्या. लाटा समोरून असल्या की जाडजूड माणसाला म्हणायचं, तुम्ही जरा पुढे बसा. वारा मागून असला की करंड्या मागे घ्यायच्या. सळई एका भोकातून काढून दुसऱ्यात घालायची म्हणजे होडी थांबवायला हवी, तेव्हा ते कोण करतो? आणि आता ते सगळं अंगठ्याखाली आलं होतं, तेही चालत्या होडीत. त्यांनी वेग वाढवला, कमी केला, लाटेला तिरकं घेतलं, सरळ घेतलं, आणि प्रत्येक वेळी अंगठा जरासा हलवून होडीला हवं तसं बसवलं. जावयाने डोळे मिटलेले होते ते उघडले. एवढ्या लवकर कोणी बटणाशी इतकं मोकळं होईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. त्याचे डंपरवाले महिनोन् महिने दांडा धसमुसळेपणाने ओढत बसायचे.

उंबरठा आला. पाण्याचा रंग बदलला, खालची वाळू दिसू लागली. बाईंनी वेग कमी केला आणि वरचं बटण दाबलं.

टक्.

एवढंच झालं. आणखी एकदा दाबलं. टक्. पंप फिरला नाही. आणि तेवढ्यात पंखा वाळूला लागला. नव्या जॅकने थोडी वाट दिली, भाऊजी जरासे मागे सरकले, बाईंनी इंजिन बंद केलं, आणि होडी उंबरठ्यावर ठप्प बसली. बरोब्बर त्याच जागी, जिथे शाळेतल्या बाईंनी वह्या तपासल्या होत्या.

जावयाचा चेहरा पांढरा पडला. कामाचं घोडं अडलं याचं दुःख होतंच, पण त्याहून, तो खाडीच्या मधोमध होता आणि चारही बाजूंना पाणी होतं. बाईंनी मात्र आवाज चढवला नाही. लाइट गेली तर काय करायचं, ते त्यांनी अंगणातच त्याच्याकडून शिकून घेतलं होतं. जॅकच्या बाजूला एक स्क्रू आहे, तो सैल केला की तेल मोकळं होतं आणि इंजिन हाताने उचलता येतं. उचलायला दोन हात मात्र हवेत, आणि ते हात आता एकाच माणसाकडे होते.

"जावईबापू, उतरा खाली."

"कुठे?"

"पाण्यात. मागे जाऊन भाऊजींना उचला."

जावई होडीच्या कडेला गेला. खालचं पाणी त्याला अथांग दिसत होतं. त्याने सासूकडे पाहिलं, लांब धक्क्यावर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या बायकोकडे पाहिलं, आणि मग जे होईल ते होवो म्हणून पाय सोडला. पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर चार बोटं आलं आणि थांबलं. तो तसाच उभा राहिला. खाडीच्या मधोमध, घट्ट वाळूवर, आपल्या दोन पायांवर. त्याला हसू फुटलं आणि ते बराच वेळ थांबेना. बाईही हसल्या.

मग तो मागे गेला. बाईंनी स्क्रू सैल केला. त्याने भाऊजींना दोन्ही बाजूंनी धरलं आणि उचललं. निदान उचलायला गेला. पायाखाली वाळू सरकते, होडी हलते, इंजिन तेलकट, धरायला नीट जागा नाही. पहिल्या झटक्याला भाऊजी जागचे हललेच नाहीत. दुसऱ्याला वीतभर आले. तिसऱ्याला त्याने मान खाली घालून, छातीचा आधार देऊन वर ढकललं, आणि बाईंनी डाव्या हाताने स्क्रू घट्ट केला. इंजिन वर थांबलं. जावई होडीला टेकून धापा टाकत राहिला. दुकानात तो असलं वजन रोज उचलायचा, पण तिथे जमीन असते, साखळी असते, दोन माणसं असतात.

"आई," तो म्हणाला, "हे तुम्ही रोज उचलत होता?"

"ओहोटी असेल तेव्हाच."

त्याने खाली वाकून तेलकट हात पाण्यात धुतले. बाईंना बरं वाटलं. इतक्या वर्षांत 'कप्तानबाई तुम्ही कमाल आहात' म्हणणारे पुष्कळ भेटले होते. भाऊजींना उचलून बघितलेला मात्र हा पहिलाच. नवरा गेल्यापासून ते वजन दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हतं.

जावई पाण्यात उभा राहूनच होडी ढकलत उंबरठ्यापार घेऊन गेला. वर चढायची त्याला घाई दिसेना. दोष लगेच सापडला. पंपाला वीज देणारा रिले त्याने पंपाशेजारीच, खाली बसवला होता. होडीच्या तळाशी नेहमी थोडं पाणी खेळत असतं, ते त्यात शिरलं होतं. डंपरमध्ये तळाला पाणी नसतं, हे पुन्हा तेच. घरी जाऊन त्याने बायकोचा घट्ट झाकणाचा जेवणाचा डबा न विचारता घेतला, त्याला भोकं पाडून रिले आत बसवला, भोकं रबराने बुजवली आणि डबा होडीच्या कडेखाली उंचावर लावला. बॅटरी पुढे नाकात नेली, लांब वायर टाकून. डब्याबद्दल घरात जे व्हायचं ते झालं.

दुसऱ्या वेळी लेकही होडीत बसली. ती म्हणाली, माझा डबा कुठे कामाला लागलाय ते बघायला आलेय. ओहोटी होती. उंबरठा जवळ आला. बाईंनी वेग उतरवला आणि बटण दाबलं. भाऊजी वर येऊ लागले. बाईंनी त्यांना पूर्ण उचललं नाही. इंजिनाच्या बाजूने थंडाव्याच्या पाण्याची जी बारीक धार बाहेर पडते, तिच्यावर त्यांचा डोळा होता. धार बारीक झाली तिथे त्या थांबल्या, किंचित खाली घेतलं, धार पुन्हा जोमाने आली. पंखा आता पाण्याच्या वरच्या थरातच फिरत होता, वाळूच्या वीतभर वर. आणि इंजिन चालू ठेवून, वेळूला हात न लावता, होडी संथपणे उंबरठ्यावरून निघाली. आजवर ओहोटीला तिथून चालत्या इंजिनाने कोणीच गेलं नव्हतं. खालच्या वाळूत खेकडे इकडेतिकडे पळताना स्पष्ट दिसत होते. जावई कडेला वाकून ते बघत होता.

पलीकडे खोल पाणी लागल्यावर बाईंनी भाऊजींना खाली सोडलं, वेग दिला, आणि तेवढ्यात लेकीकडे पाहिलं. लेक पाण्याकडे बघत होती. खांदा दुखला का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, खांद्याला पत्ताच लागला नाही.

सोमवारपासून कप्तानबाईंनी दिवसभराच्या फेऱ्या सुरू केल्या, भरती असो की ओहोटी. पहिल्या दिवशी नर्सा वेळेवर पोचल्या तर दवाखान्यातल्या लोकांना वाटलं घड्याळ मागे पडलंय. पलीकडच्या काठाचा बोटवाला दोन दिवस लांबून बघत राहिला, तिसऱ्या दिवशी होडी भाऊजींच्या शेजारी लावून वाकून वाकून जॅक न्याहाळू लागला, आणि चौथ्या दिवशी त्याने जावयाचा पत्ता विचारला. बाईंनी सांगितला, पण हेही सांगितलं की आधी ओंडक्याचं विचारा. तो व्हॉल्व्ह असलेलाच जॅक घ्या, दुसरा कोणी स्वस्तात गळ्यात मारेल.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. भाऊजी जुन्या काळचे. दोरीने सुरू होणारे. बॅटरी भरायची सोय त्यांच्यात नव्हतीच. म्हणजे बॅटरी रोज संध्याकाळी काढून घरी न्यायची, रात्रभर चार्जरला लावायची आणि सकाळी परत होडीत आणायची. आणि बॅटरी म्हणजे काही फुलांची परडी नव्हे. डाव्या हाताने बाईंनी एकदा ती नेली, दोनदा टेकवत, आणि संध्याकाळी खांदा पुन्हा ठणकला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. जावयाला सांगावं तर तो लगेच नवं काहीतरी करायला घेईल, आणि लेकीला सांगावं तर ती म्हणेल, बघ, मी काय म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई होडी बांधत होत्या तेव्हा लेक दुकानातून परतताना स्कूटर घेऊन थेट धक्क्यावर आली. होडीत उतरली, बॅटरीच्या वायरी सोडल्या, तारा उलट्या लागू नयेत म्हणून लाल वायर बसते त्या टोकापाशी बॅटरीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि बॅटरी उचलून स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी ठेवली.

"मी नेईन. दुकान वाटेवरच आहे माझं," ती म्हणाली. "सकाळी आणून लावून देईन."

दुकान खरं तर वाटेवर नव्हतं. चांगलं दोन गल्ल्या उलट होतं. बाईंना ते माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे लेकीलाही माहीत होतं.

तेव्हापासून रोज सकाळी, पहिल्या फेरीच्या आधी, लेक बॅटरी घेऊन धक्क्यावर येते. वायरी जोडते, बटण दाबून भाऊजींना एकदा वर-खाली करून बघते, तोवर बाई थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओततात. होडी विकायचा विषय परत निघालेला नाही. दोघी होडीच्या कडेवर बसून चहा पितात. लेक रात्री घरात काय काय झालं ते सांगते, बाई पाणी किती आहे ते बघत ऐकतात. मग नर्सा पायऱ्या उतरताना दिसल्या की लेक पेला उपडा करते आणि स्कूटरला किक मारते, आणि बाई डावा हात दोरीकडे नेतात.